चिंधीची चिमणी : जुन्या वस्त्रांतून घडणारे पक्षी

बारशाच्या दिवशी पाळणा सजवताना त्याच्या मधोमध, बाळाच्या नजरेसमोर येईल असे एक लहानसे झुंबर बांधण्याची पद्धत मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वेताच्या कडीला किंवा आडव्या-उभ्या बांधलेल्या दोन काड्यांना दोरे लावून त्यांवर कापडाच्या चिमण्या, पोपट, मोर, मणी आणि गोंडे सोडलेले असत. पाळण्याला झोका मिळाला की हे पक्षी गरगर फिरत आणि बाळ टक लावून पाहत राही. या झुंबराला ‘चिमणाळे’ असा खास शब्द मराठीत आहे. आता प्लॅस्टिकच्या, चावीवर वा सेलवर फिरणाऱ्या खेळण्यांनी त्याची जागा घेतली असली, तरी शब्द टिकून आहे आणि त्यामागची कलाही.

जुन्या, वापरून विरलेल्या वस्त्रांतून आणि घरात सापडणाऱ्या किरकोळ वस्तूंतून पक्षी घडवणे ही कला अलीकडे जगभर नव्या कौतुकाचा विषय झाली आहे. प्रदर्शनांतून आणि दिवाणखान्यांतून असे कापडी पक्षी मानाने मिरवताना दिसतात. महाराष्ट्राला, आणि त्यातही नाशिक जिल्ह्याला, हा विषय परका नाही. ज्या येवल्यात पैठणीच्या काठावर राघू विणला जातो ते येवला याच जिल्ह्यात आहे. सुती कापडाचे यंत्रमाग अहोरात्र चालवणारे मालेगाव याच जिल्ह्यात आहे. आणि ज्या गोदावरीच्या पाण्यावर दर हिवाळ्यात हजारो पक्षी उतरतात ते नांदूर मधमेश्वरही येथेच आहे. कापड आणि पक्षी या दोहोंची इतकी श्रीमंती एका जिल्ह्यात क्वचितच आढळते.

वस्त्राची उतरंड

या कलेचे मर्म समजण्यासाठी जुन्या घरातील वस्त्राचा प्रवास आधी पाहावा लागतो. नवे लुगडे प्रथम सणासुदीला नेसले जाई. त्याची नवलाई गेली की ते रोजच्या वापरात येई. ते विरले की त्याचे धडके भाग निवडून बाळाची दुपटी, झबली, टोपडी शिवली जात. उरलेले लुगडे गोधडीच्या पोटात जाई. चार-पाच थर एकावर एक अंथरून, सभोवार धावदोरा घालीत घातलेली गोधडी म्हणजे एका कुटुंबाच्या वीस-पंचवीस वर्षांच्या वस्त्रांचा संग्रहच असे. गोधडीतूनही जे तुकडे उरत, त्यांची गाठोडी फडताळात पडून असत. त्या गाठोड्यातून बाहुली निघे, बटवा निघे आणि चिमणीही निघे. अगदी शेवटी उरलेल्या चिंधीचा काकडा किंवा पोतेरे होई.

या उतरंडीत पक्ष्याचे स्थान शेवटून दुसरे होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. चिमणीसाठी कोणी लुगडे फाडत नसे. लुगडे आपले सगळे आयुष्य जगून झाल्यावर जी मूठभर चिंधी उरे, तिची चिमणी होई. म्हणूनच ती पाळण्यावर टांगताना आजीच्या लुगड्याचा रंग नातवाच्या डोळ्यांसमोर येई. त्यात एक शहाणपणही होते. नवजात बाळाला साधारण वीस ते तीस सेंटिमीटर अंतरावरचे सर्वांत स्पष्ट दिसते आणि ठळक, परस्परविरोधी रंग त्याची नजर आधी वेधून घेतात, असे आजचे बालरोगशास्त्र सांगते. लाल काठाचे, काळ्या अंगाचे तुकडे नेमके हेच काम करीत.

शहरात ही उतरंड मध्येच तोडण्याचे काम बोहारणीने केले. जुने कपडे घेऊन त्या बदल्यात स्टीलची भांडी देणारी बोहारीण ही मराठी शहरांच्या गल्ल्यांतील नेहमीची व्यक्ती. तिच्यामुळे जुन्या कपड्यांना दुसरा बाजार मिळाला आणि गरिबांना स्वस्तात वस्त्र मिळाले, हे खरे. पण घरातील गाठोडे रिकामे झाले. जरीच्या लुगड्यांची गत याहून वेगळी झाली. जुनी अस्सल जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. अशी लुगडी विकत घेऊन, ती जाळून त्यातील चांदी काढण्याचा व्यवसाय वर्षानुवर्षे चालत आला आहे. अनेक जुन्या पैठण्या, शालू आणि शेले अशा रीतीने वजनावर गेले. काही वर्षांनी हाती काय राहिले, तर एखादा काठ, पदराचा तुकडा किंवा चोळीची बाही.

येवल्याचा राघू

येवल्याच्या विणकामाची सुरुवात रघोजी नाईक यांच्या नावाशी जोडली जाते. त्यांनी पैठणचे कारागीर येथे आणून वसवले, असे सांगितले जाते. पैठणी विणताना काठ आणि पदरावरची नक्षी यंत्राने न उठवता लहान लहान तिल्ल्यांवर गुंडाळलेले रंगीत रेशीम हाताने फिरवून भरली जाते. अस्सल हातमागाच्या पैठणीची उलट आणि सुलट बाजू जवळजवळ सारखीच दिसते, ती यामुळेच. मोर, बांगडी मोर, कमळ, आसावली ही तिची ठरलेली नक्षी. आणि काठावर ओळीने बसलेला हिरवा राघू, ज्याला विणकर ‘मुनिया’ म्हणतात. निसर्गातील मुनिया हा वेगळाच, चिमणीएवढा पक्षी. पण येवल्याच्या मागावर मुनिया म्हणजे पोपटच. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि तिचे नाव कायद्याने राखले गेले.

एक पक्षी विणकराने धाग्याधाग्याने कापडात बसवायचा आणि दुसऱ्या कोणी तेच कापड कापून त्यातून पक्षी उभा करायचा, या दोन कृतींतील ताण या कलेत सतत जाणवतो. पैठणीचा पदर कापून केलेला मोर दिसायला देखणा असतो. पण त्यासाठी चांगला धडका पदर कापला गेला असेल तर त्या देखणेपणाची किंमत फार मोठी आहे.

कात्री कोठे थांबावी

‘जुन्यातून नवे’ हा विचार लोकप्रिय झाल्यापासून वरची उतरंड उलटी होऊ लागली आहे. पूर्वी वस्त्र संपल्यावर चिमणी होई. आता चिमणी, पिशवी किंवा उशीचा अभ्रा करण्यासाठी धडकी, कधी कधी दुर्मीळ वस्त्रे कापली जातात. जुन्या इरकली, चंद्रकळा, हातमागाचे खण पुन्हा विणले जातीलच असे नाही. जे वीणकाम आज कोणालाही येत नाही त्याचा शेवटचा नमुना कात्रीखाली गेला, तर तो कायमचा गेला.

म्हणून जाणकार कारागीर काही पथ्ये पाळतात. पहिले पथ्य असे, की जे वस्त्र अजून नेसता येते ते कापू नये. दुसरे, साडीतील माहिती काठात आणि पदरात असते. तेथूनच वीण, गाव आणि काळ ओळखता येतो. तेव्हा शक्य तो अंगाचे कापड वापरावे. त्यातही टाचेजवळ घासलेला, निऱ्यांत चिरलेला किंवा डाग पडलेला भाग आधी घ्यावा. तिसरे, कापण्यापूर्वी संपूर्ण वस्त्राचे, उलट आणि सुलट अशा दोन्ही बाजूंनी, छायाचित्र काढून ठेवावे. चौथे, हे वस्त्र कोणाचे, कोणत्या गावचे, कोणत्या प्रसंगी घेतलेले, याची चिठ्ठी लिहून पक्ष्याच्या पोटात किंवा बैठकीखाली ठेवावी. पुढे कधी शिवण उसवली तर आतून कापसाबरोबर घराचा इतिहासही बाहेर येईल. आणि एखादे वस्त्र फारच जुने किंवा अपरिचित वाटले तर कात्री बाजूला ठेवून ते संग्रहालयातील जाणकारांना दाखवावे.

घरगुती वस्तूंनाही संग्रहालयाचे मोल असते, हे महाराष्ट्राला दिनकर केळकर यांनी दाखवून दिले. दिवे, अडकित्ते, फण्या, वस्त्रे, खेळणी अशा रोजच्या वापरातील वस्तू त्यांनी आयुष्यभर गोळा केल्या. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय १९६२ मध्ये त्यांच्या दिवंगत मुलाच्या नावाने उभे राहिले आणि १९७५ मध्ये त्यांनी हा संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. ज्या वस्तू लोक मोडीत काढत होते त्याच आज तेथे पाहण्यासाठी लोक तिकीट काढून जातात.

पक्षी कसा घडतो

कापडी पक्ष्याचा बेत वरवर सोपा आहे. दोन कुशींचे दोन तुकडे, त्यांच्यामध्ये पोटाची लांबट पट्टी, वेगळे पंख आणि शेपटी. पोटाची पट्टी जितकी रुंद तितका पक्षी गुबगुबीत. चिमणी साधारण पंधरा सेंटिमीटर लांबीची, आखूड मानेची आणि भरल्या छातीची असते. तिची पट्टी अरुंद झाली की ती चिमणी न राहता मुनिया दिसू लागते. तुकडे उलट बाजूने शिवून, एक फट राखून सुलट करतात आणि त्या फटीतून भरण घालतात. भरणासाठी पिंजलेला कापूस उत्तम. सावरीचा कापूस हलका आणि मऊ, पण लवकर दबतो. उभ्या पक्ष्याच्या तळाशी थोडी धुतलेली, वाळवलेली वाळू पुरचुंडीत बांधून घातली की तो कलंडत नाही.

पाय हा सर्वांत अवघड भाग. तांब्याची तार वाकवून तीन बोटे पुढे, एक मागे अशी रचना करतात आणि तिच्यावर बारीक दोरा किंवा कापडाची चिंचोळी पट्टी गुंडाळतात. पोपटाची मात्र दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात. ही बाब चुकली तर कितीही सुंदर पोपट जाणत्याला खटकतो. चोचीसाठीही तारेवर कापड गुंडाळून वर टाके घालण्याची रीत आहे. चिमणीची चोच दाणे फोडणारी, आखूड व जाड. खंड्याची मासे पकडणारी, लांब व सरळ. पक्षी ओळखू येतो तो पिसांच्या रंगाइतकाच चोचीच्या आकाराने.

खरी कसोटी कापड निवडण्यात आहे. नर चिमणीचे करडे डोके, तांबूस मान आणि गळ्याखालचा काळा डाग यांसाठी तीन वेगळ्या लुगड्यांचे तुकडे लागतात. मादीला मात्र एकच विटलेले तपकिरी पातळ पुरते. संक्रांतीच्या काळ्या चंद्रकळेतून कावळा सुरेख होतो आणि त्याच चंद्रकळेचा उन्हाने उडालेला भाग कावळ्याच्या करड्या मानेसाठी उपयोगी पडतो. निळ्या खणातून खंड्या, हिरव्या काठातून राघू. नांदूर मधमेश्वरला दिसणाऱ्या एका बदकाच्या काळ्या चोचीचे टोक पिवळे आणि मुळाशी लाल ठिपके असतात. त्याचे मराठी नाव ‘हळदी-कुंकू’. त्यासाठी कापड शोधायला कोणत्याही मराठी घरात फार दूर जावे लागणार नाही.

जुने सुती लुगडे शेकडो धुण्यांनी मऊ झालेले असते आणि सुई सहज घेते. रेशमाचे तसे नसते. घाम, ऊन आणि वर्षानुवर्षांची तीच घडी यांनी ते घडीवरच चिरते. असे रेशीम वापरण्यापूर्वी त्याला मागून मलमलीचे अस्तर लावावे लागते. जुन्या गडद रंगांची परीक्षाही आधी घ्यावी. पांढरा ओला कापूस कापडावर दाबला आणि त्याला रंग लागला, तर तो तुकडा फिकट कापडाशेजारी शिवू नये.

सापडलेल्या वस्तू

कापडाखेरीज या पक्ष्यांत जे काही येते ते बहुधा घरातच सापडलेले असते. शेरवानीची बटणे, तुटलेल्या माळेचे मणी, बंद पडलेल्या घड्याळाची चक्रे, कवड्या, किल्ल्या, काचेच्या बांगड्यांचे तुकडे. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नाशिकचे नाव पूर्वापार आहे आणि भांडी बाजार आजही गजबजलेला असतो. जुन्या गावठाणातील वाडे मात्र एकेक करून कमी होत आहेत. काही पावसाळ्यात कोसळतात, काही पाडले जातात. त्यांच्या दारांच्या पितळी कड्या, कोयंडे, फुल्या, कोरीव लाकडाचे तुकडे भंगारात जातात. अशा एखाद्या तुकड्यावर कापडी चिमणी बसवली की तिला बैठक मिळते. वाड्याच्या तुळईवर पूर्वी ती बसतच होती.

काही वस्तूंच्या बाबतीत सावधगिरी हवी. लाल-काळी गुंज पक्ष्याच्या डोळ्यासाठी मोहात पाडते, पण गुंजेचे बी विषारी असते. चावून पोटात गेल्यास जिवावर बेतू शकते. लहान मुलाच्या हाती लागणाऱ्या कोणत्याही खेळण्यात ती नसावी. पाळण्यावरच्या चिमणाळ्यातही सुटे मणी आणि बटणे टाळून डोळे दोऱ्याने भरणेच इष्ट, आणि बाळाचा हात पोहोचू लागला की ते काढून ठेवावे. खऱ्या पिसांबद्दल कायद्याचाही प्रश्न आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये वन्य पक्ष्यांची पिसे, अंडी, घरटी गोळा करणे वा विकणे हा गुन्हा ठरू शकतो. एकोणिसाव्या शतकात युरोपातील स्त्रियांच्या टोप्यांवर पिसे, एवढेच काय संपूर्ण पेंढा भरलेले पक्षी मिरवत. त्याविरुद्ध १८८९ मध्ये इंग्लंडमधील स्त्रियांनीच संघटना उभारली; तीच पुढे पक्षीरक्षणाची ‘आरएसपीबी’ ही मोठी संस्था झाली. कापडाच्या पिसासाठी मात्र कोणाचाही जीव घ्यावा लागत नाही.

दूरदेशीची भावंडे

पाळण्यावरच्या चिमणाळ्याला जगात भावंडे आहेत. राजस्थानात कापडी पोपटांच्या, खाली घुंगरू लावलेल्या माळा दारोदारी दिसतात. जपानमध्ये मुलींच्या सणाला, म्हणजे ३ मार्चच्या सुमारास, किमोनोच्या उरलेल्या तुकड्यांतून शिवलेल्या लहान वस्तूंची झुंबरे टांगतात. इझू द्वीपकल्पातील इनातोरी गावात ही प्रथा, महागड्या बाहुल्या न परवडणाऱ्या कुटुंबांनी सुरू केली असे मानतात. यानागावा येथील झुंबरात सात माळांवर प्रत्येकी सात आणि मध्ये दोन मोठे चेंडू, अशा एकूण ५१ वस्तू असतात. त्यांत दीर्घायुष्याचे प्रतीक म्हणून क्रौंच पक्षी हमखास असतो. आजी, आई आणि शेजारणी मिळून ती झुंबरे शिवतात. एकेका वस्तूत एकेक आशीर्वाद, ही त्यामागील कल्पना. आपल्याकडील बाळंतविडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ती समजावून सांगावी लागणार नाही.

मराठी घरांत चिमणाळ्याखेरीज चैत्रगौरीची आरास आणि लग्नातील रुखवत ही अशा हस्तकलेची दोन मोठी प्रदर्शने होती. मण्यांचे पोपट, कापडी राघू-मैना, लोकरीचे मोर तेथे मांडले जात. ते विकले जात नसत, म्हणून त्यांची किंमत कधी ठरली नाही. आणि किंमत न ठरल्यामुळे ते ‘बायकांचे फावल्या वेळचे काम’ राहिले. त्याची झळ आजही पोहोचते. बचतगटांच्या प्रदर्शनात हाताने शिवलेला पक्षी उचलून ‘चिंध्यांचेच तर आहे’ असे म्हणत भाव पाडणारे गिऱ्हाईक प्रत्येक कारागीर स्त्रीच्या ओळखीचे असते. कापड फुकटचे असले तरी बेतणे, शिवणे, भरणे, पाय घडवणे यांत तळहाताएवढ्या पक्ष्यालाही सहज एक दिवस जातो, आणि त्या दिवसाची मजुरी हीच त्याची खरी किंमत.

जपणूक

कापडी पक्ष्याचे शत्रू तीन : ऊन, दमट हवा आणि कसर. थेट उन्हात ठेवलेल्या रेशमाचा रंग काही महिन्यांत उतरतो. काचेच्या पेटीत ठेवल्यास धूळ लागत नाही, पण पावसाळ्यात आत ओल साचणार नाही हे पाहावे लागते. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाची वाळलेली पाने किंवा वेखंडाचे तुकडे मलमलीच्या पुरचुंडीत जवळ ठेवण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे. पुरचुंडी कापडाला चिकटून मात्र नसावी. काळवंडलेली जर घासून उजळवण्याचा मोह टाळावा, कारण घासल्याने उरलासुरला मुलामाही निघून जातो. धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने झाडावी. असा पक्षी धुवायचा नसतो.

जिवंत चिमणीसाठी

वाड्यांच्या वाशांत, देवळीत, भिंतीवरच्या तसबिरीमागे चिमण्या घरटी करीत. काचेच्या आणि गुळगुळीत भिंतींच्या इमारतींत त्यांना फट उरली नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयक अहवालानुसार देशभरातील चिमण्यांची संख्या साधारण स्थिर आहे, महानगरांत मात्र ती घटलेली दिसते. या प्रश्नाकडे जगाचे लक्ष वेधण्यात नाशिकचा वाटा मोठा आहे. येथील मोहम्मद दिलावर यांनी स्थापन केलेल्या ‘नेचर फॉरएव्हर सोसायटी’च्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. त्याआधी, २००८ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने पर्यावरणासाठी झटणाऱ्यांच्या यादीत त्यांचा समावेश केला होता. नांदूर मधमेश्वरला १९८६ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला होता. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले.

मराठी मुलाला पक्षी प्रथम भेटतो तो गोष्टीत, कावळ्याच्या शेणाच्या आणि चिमणीच्या मेणाच्या घरात. नंतर घासात, आणि त्याही आधी पाळण्यावर. मराठीने पक्ष्यांना कारागिरांची नावे दिली आहेत. पाने शिवणारा तो शिंपी, घरटे विणणारी ती सुगरण, ठोक्यांचा आवाज काढणारा तो तांबट. आजीच्या लुगड्याच्या शेवटच्या तुकड्यातून चिमणी शिवणारे हात त्याच जातकुळीचे आहेत. मात्र तो तुकडा खरोखरच शेवटचा आहे ना, एवढे कात्री उचलण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे.